अनावश्यकाची यादी

गेल्या वर्षी श्रावणातल्या एका रविवारी रात्री आम्ही आमच्या संगणकातून एक भाषा काढून टाकली. भाषेच्या अध्यापनात ज्याची हयात गेली त्याने असे काही करावे, यातली विसंगती त्या क्षणी आमच्या ध्यानात आली नाही. आली ती दहा-पंधरा मिनिटांनी, पडदा काळा झाल्यावर.

प्रसंग असा. हिंगोलीच्या आमच्या घरात एक जुना संगणक आहे. नव्या विंडोजचे ओझे त्याला पेलवत नव्हते; परवाना विकत घेणे आम्हांला जड जात होते; आणि वर्गात वाङ्मयचौर्यावर व्याख्यान देणाऱ्याने घरी चोरीची प्रत वापरणे बरे दिसत नव्हते. तेव्हा आमच्या एका माजी विद्यार्थ्याने, जो आता पुण्यात संगणकाच्याच नोकरीत आहे, त्यावर लिनक्सचे उबंटू हे वितरण बसवून दिले. मराठी टंकलेखनाची सोय करून दिली, दोन-चार अक्षरवळणे घातली, आणि जाताना "सर, काही वाटलं तर आधी फोन करा" एवढेच सांगून गेला. आम्ही फोन केला. पण आधी नव्हे.

या संगणकात आमचे जे काही साठलेले आहे त्यातले बहुतेक जगाच्या दृष्टीने कवडीमोल आहे. जुन्या प्रश्नपत्रिका, चर्चासत्रांत वाचलेले आणि वाचण्याची वेळच न आलेले निबंध, अर्धवट परीक्षणे. अपवाद एका फोल्डरचा. त्याचे नाव नुसते 'ओव्या'. कळमनुरी आणि औंढा या तालुक्यांतल्या गावांतून आठ वर्षांत गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्या, त्यांची ध्वनिमुद्रणे आणि आम्ही हाताने टंकलेले त्यांचे पाठ त्यात आहेत. त्यांतल्या निम्म्याहून अधिक ओव्या एकाच आजींच्या. या आजी दोन वर्षांपूर्वी गेल्या. त्यांचा आवाज त्या यंत्राखेरीज आणखी कोठेही नव्हता. दुसरी प्रत करून ठेवायची हे आम्ही दर उन्हाळ्यात ठरवीत होतो.

त्या रात्री संगणकाने जागा संपत आल्याची सूचना दिली. ध्वनिमुद्रणांनीच ती व्यापली होती. पण ती काढणे शक्य नव्हते. म्हणून दुसरे काय काढता येईल ते पाहण्यासाठी आम्ही बसवलेल्या साधनांची यादी उघडली. तीत पायथॉन हे नाव दिसले. पायथॉन ही संगणकाला आज्ञा लिहून देण्याची एक भाषा आहे, इतपत ज्ञान आम्हांला होते. आमचा युक्तिवाद तर्कशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात शोभावा असा होता: ही भाषा आम्हांला येत नाही, जी येत नाही ती आम्ही वापरत नाही, जी वापरत नाही ती आम्हांला नको. नागनाथाच्या जिल्ह्यात राहून एका अजगराला घराबाहेर काढायला निघालो आहोत, असा एक क्षीण विनोदही आमच्या मनात येऊन गेला. तोही चुकीचा होता. गिडो व्हान रॉसम या डच संगणकतज्ज्ञाने १९९१ साली जी भाषा लोकांपुढे ठेवली तिचे नाव सापावरून नसून 'माँटी पायथॉन' या इंग्रज विनोदी नटमंडळीवरून पडलेले आहे. आमच्या त्या रात्रीच्या वागण्याला ते अधिक शोभते.

आज्ञा दिली. उत्तरादाखल यंत्राने एक लांबलचक यादी पडद्यावर ओतली: या साधनाबरोबर पुढील साधनेही जातील. शेवटी, इतकी इतकी जागा मोकळी होईल. पुढे जायचे का? होय किंवा नाही. आम्ही ती यादी वाचली नाही. विद्यार्थी तळटीपा वाचत नाहीत म्हणून वीस-पंचवीस वर्षे आम्ही कुरकुरत आलो आहोत. ती यादी आम्हांला तळटीपांसारखीच वाटली. मोकळ्या होणाऱ्या जागेचा आकडा मात्र वाचला. तो अपेक्षेहून पुष्कळच मोठा होता, आणि आम्ही संशयी होण्याऐवजी खूश झालो. होय म्हणून एक अक्षर दाबले.

ओळी सरकू लागल्या. आम्ही पाणी प्यायला उठलो. परत आलो तेव्हा खिडक्या, चित्रे, कर्सरचा बाण, सारे नाहीसे झाले होते. बंद करून पुन्हा चालू केले. काळ्या पडद्यावर पांढऱ्या रोमन अक्षरांत नाव आणि परवलीचा शब्द विचारणारी एक ओळ तेवढी उभी होती. घर पाडून नेल्यावर दाराची चौकट उरावी तशी.

आता त्या न वाचलेल्या यादीत काय होते ते सांगितले पाहिजे. उबंटूच्या पडद्यावरची सजावट, आज्ञा लिहिण्याची खिडकी, नवी साधने बसवणारे दुकान, अद्ययावत करणारी यंत्रणा, यांतला कोणता ना कोणता भाग पायथॉनवर टेकलेला असतो. आणि आयबस. मराठी टंकलेखन ज्या साधनावर चालते ते आयबसही पायथॉनवाचून बसत नाही. म्हणजे जी परकी भाषा आम्हांला येत नव्हती तिच्याच खांद्यावर बसून आमची मराठी त्या यंत्रात वावरत होती. आम्ही खांदा काढून घेतला.

नाव आणि परवलीचा शब्द लिहून आत शिरलो. आमच्या विद्यार्थ्याने एकदा शिकवलेली 'एलएस' ही आज्ञा दिली. फोल्डरांची नावे उमटली, पण वाचता येईनात. लिनक्सचा हा नुसता अक्षरी पडदा देवनागरी जाणत नाही. त्याच्या अक्षरसंचात जेमतेम पाचशे बारा चिन्हांना जागा असते, आणि काना-मात्रा-जोडाक्षरे जुळवण्याची विद्या त्याच्यापाशी नसते. त्यामुळे मराठी नावांच्या जागी नुसत्या चौकटींच्या रांगा. 'ओव्या' कुठली आणि 'प्रश्नपत्रिका' कुठली, हे ओळखायचे तर चौकटी मोजायच्या. आपल्याच घरात निरक्षर होणे म्हणजे काय हे आम्हांला त्या रात्री कळले. ज्यांच्या ओव्या आम्ही लिहून घेत होतो त्या आजी आमच्या वहीकडे पाहत तेव्हा त्यांना नेमके असेच दिसत असणार, हे मात्र आठ वर्षांत आम्हांला कधी सुचले नव्हते.

रात्री साडेअकराला विद्यार्थ्याला फोन केला. त्याने सगळे ऐकून घेतले. हसला नाही, याबद्दल आम्ही त्याचे कायमचे ऋणी आहोत.

"सर, फायली गेलेल्या नाहीत. गेलंय ते त्या दाखवणारं. आता मी सांगेन तेवढंच करा, आणि आधी प्रत काढा. दुरुस्ती नंतर."

हे वाक्य पाठ्यसंपादनाच्या वर्गात भिंतीवर लावावे असे आहे. आधी प्रत, मग दुरुस्ती.

घरात एक पेनड्राइव्ह सापडला. तो लावून यंत्राला ओळखीचा करून द्यायची जी आज्ञा आहे तिच्यात त्याने युटीएफ-आठ असा एक शब्द आवर्जून घालायला लावला. तो नसता तर मराठी नावे त्या पेनड्राइव्हवर नीट उतरली नसती. मग प्रश्न आला नावाचा. प्रत कशाची करायची ते नाव घेऊन सांगावे लागते, आणि मराठीचा कळफलक तर आम्हीच घालवून बसलो होतो. 'ओव्या' हा दोन अक्षरांचा शब्द आम्हांला लिहिता येत नव्हता.

"तारा टाका, सर," तो म्हणाला. तारा म्हणजे तारांकन. त्या भाषेत त्याचा अर्थ, 'नाव काहीही असो, जे आहे ते सगळे'. आम्ही ताऱ्याची कळ दाबली. यंत्र बराच वेळ गप्प राहिले, आणि पेनड्राइव्हचा लहानसा दिवा लुकलुकत राहिला. आमच्या जिल्ह्यातले नरसी हे नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. नाम घेतल्याने काय साधते याविषयी आम्ही वर्गात तासच्या तास बोललो आहोत. नाव घेता येत नसतानाही जे आहे ते ओंजळीत उचलून देणाऱ्या त्या एका चिन्हाविषयी कृतज्ञता वाटण्याचा प्रसंग मात्र प्रथमच आला.

प्रत झाली. पुढचे काम त्या मानाने सोपे होते, पण तेही मनोज्ञ होते. ही यंत्रणा आपल्या हातून झालेल्या प्रत्येक बसवण्या-काढण्याची रोजनिशी ठेवते. ती उघडली. तारीख, वेळ, आमची आज्ञा अक्षरशः, आणि खाली काढलेल्या एकूण एक साधनांची नावे. एखाद्या बखरकाराने इतक्या निर्विकारपणे आपल्या धन्याचा पराभव लिहिल्याचे आमच्या वाचनात नाही. मघाशी जी यादी आम्ही वाचायची टाळली होती ती आता ओळीने वाचावी लागली. मोबाइल तारेने जोडून त्याच्यातून इंटरनेट आणले, यंत्राकरिता पत्ता मागून घेतला, आणि मग आधी पायथॉन, नंतर संपूर्ण डेस्कटॉपचे गाठोडे, नंतर आयबस आणि मराठीचे कळफलक, असे एकामागून एक परत बोलावले. पहाटे तीनच्या सुमारास खिडक्या परतल्या. मराठीची निवड नव्याने करावी लागली. पहिला शब्द लिहिला तो 'ओव्या'.

आमचे दैव थोर म्हणून पायथॉनवर निभावले. विद्यार्थ्याने नंतर सांगितले की एखाद्याने 'लिबसी' हे मूळ ग्रंथालय काढले तर एलएससारखी साधी आज्ञाही चालत नाही, कारण ती चालवणारेच गेलेले असते. मग दुसऱ्या तबकडीवरून वा पेनड्राइव्हवरून वेगळी लिनक्स सुरू करायची, आणि बाहेरून आपल्या मोडलेल्या घरात शिरून डागडुजी करायची.

असो. यंत्र दुरुस्त झाले. आमचा प्रश्न नंतर सुरू झाला.

उबंटू ज्या डेबियन परंपरेतून आले ती १९९३ साली इयन मर्डॉक यांनी सुरू केली. तिच्या धोरणात साधनांची एक श्रेणी आहे. काही थोड्या साधनांवर 'आवश्यक: होय' असा शिक्का असतो. फायलींची ने-आण करणारी, मजकुरात शोध घेणारी, गाठोडी बांधणारी-सोडणारी अशी ही साधने. संख्येने दोन डझनांच्या आसपास. त्यांना हात लावू गेल्यास पूर्वी यंत्र नुसते होय-नाही विचारून थांबत नसे. 'होय, मी सांगतो तसेच कर' या अर्थाचे एक अख्खे इंग्रजी वाक्य उद्गारचिन्हासह लिहून दिल्यावाचून ते पुढे जात नसे. शपथपत्रच म्हणा. पण माणूस घाईत शपथपत्रावरही सही करतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये लिनस सेबॅस्टियन या कॅनडातल्या प्रसिद्ध तंत्रसमीक्षकाने कॅमेऱ्यापुढे एक खेळ बसवता बसवता ते वाक्य लिहून दिले आणि साऱ्या डेस्कटॉपवर पाणी सोडले. त्याच सुमारास साधने बसवणाऱ्या 'ॲप्ट' या कार्यक्रमात बदल झाला. आता तो असे वाक्य मागत बसत नाही, सरळ नकार देतो, आणि ज्याला हट्टच करायचा असेल त्याला तसा वेगळा पर्याय आज्ञेतच लिहावा लागतो.

पायथॉनवर मात्र असा शिक्का नव्हता. म्हणून आम्हांला एका अक्षरावर परवानगी मिळाली. शिक्का असणे आणि आवश्यक असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हा पहिला धडा.

दुसरा धडा त्याच धोरणातल्या एका नियमात आहे, आणि तो आम्हांला अधिक अस्वस्थ करतो. एरवी प्रत्येक साधनाने आपण कोणाकोणावर अवलंबून आहोत ते जाहीर करावे लागते. पण ज्यांच्यावर 'आवश्यक'चा शिक्का आहे त्यांचे नाव तेथे लिहिण्याची गरज नाही. ती असणारच, असे सर्वांनी धरून चालायचे. म्हणजे ज्यांच्यावर सारेच टेकलेले आहेत त्यांचे ऋण कोणाच्याही कागदावर नोंदलेले नसते. ऋणनिर्देशाची पाने आम्ही पुष्कळ वाचली आहेत, काही लिहिलीही आहेत. मार्गदर्शक, ग्रंथपाल, टंकलेखक यांची नावे तेथे असतात. पहाटे उठून चूल पेटवणारीचे नाव क्वचितच. ती असणारच, असे धरून चाललेले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी हा सगळा वृत्तान्त आम्ही घरात सांगितला तेव्हा चहाचा कप ठेवता ठेवता सौ. म्हणाल्या, "जातं सोडून आलात तेव्हाही असंच म्हणाला होता. वापरत नाही, तर कशाला हवं."

यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. गावाकडचे माळवदाचे घर सोडून हिंगोलीत सिमेंटच्या घरात आलो तेव्हा सामानाची यादी आम्ही केली होती. गिरणी कोपऱ्यावर होती. जाते दोन माणसांनी उचलावे असे जड. ते आम्ही तेथेच ठेवले. पुढे घर विकले गेले आणि जाते कुठे गेले ते कळले नाही. पुष्कळ वर्षांनी मुलीचे लग्न ठरले. लग्नघरी हळद दळायची ती जात्यावर. त्या जात्याला आंब्याचा डहाळा बांधायचा, सुवासिनींनी भोवती बसायचे, ओवी म्हणायची. हळदीच्या बाजारपेठेसाठी ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यातले आमचे घर, पिशवीभर दळलेली हळद दुकानात केव्हाही मिळते. पण दळायला जाते नाही. सौ.नी दोन गल्ल्या पलीकडून ते मागून आणले. मागून आणलेल्या जात्याभोवती बसलेल्या पाच जणींपैकी ओवी फक्त एकीला येत होती. तिलाही दीडच.

त्या वेळी आम्ही यावर एक निबंध लिहिला होता. 'मौखिक परंपरेचा ऱ्हास' असे काहीसे शीर्षक होते. त्यात जागतिकीकरण होते, माध्यमे होती, नागरीकरण होते. आमचे स्वतःचे जाते त्यात नव्हते.

आता ती अवलंबनाची साखळी आम्हांला स्पष्ट दिसते. ओवी जात्यावर टेकलेली आहे. दोन बाया समोरासमोर बसून खुंटा फिरवतात. त्या फेऱ्याची लय ओवीला चाल देते. दळण लांबले की ओव्या लांबतात. पहाटेचा अंधार, पुरुषमाणसे झोपलेली, म्हणून सासरचे उणेदुणे, माहेरची ओढ, भावाची वाट या गोष्टी मोठ्याने बोलायची तेवढीच सवड. गिरणी आली, बायांचे खांदे सुटले. ते कष्ट होते आणि ते गेले हे चांगलेच झाले. जात्याच्या आठवणीने गहिवरणाऱ्या पुरुषांनी आधी पायलीभर ज्वारी दळून पाहावी. पण दळणाबरोबर काय काय जाणार आहे याची यादी कोणी वाचली नाही. मोकळ्या झालेल्या वेळेचा आकडा मात्र सर्वांनी वाचला. लिनक्समध्ये एखादे साधन काढले की यंत्र नंतर सांगते: त्याच्याबरोबर आलेली ही अमुक साधने आता लागणार नाहीत, हवी तर तीही काढा. ओव्या अशाच गेल्या. त्यांना कोणी काढले नाही. त्या 'आता लागणार नाहीत' या सदरात जाऊन पडल्या.

ज्यांनी ती यादी वेळेवर वाचली असे काही लोक होते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या दोघांनी पुण्याहून काम उभे केले आणि गावोगावच्या बायांच्या सोबतीने एक लाखाहून अधिक ओव्या लिहून काढल्या. त्यांना संगणकाच्या कोठारात बसवण्याचे काम बर्नार बेल यांनी केले, आणि २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहातून त्या गाणाऱ्या बाईच्या आणि गावाच्या नावासह प्रसिद्ध होऊ लागल्या. आमचे काम त्याच्यापुढे चिमूटभर. पण नाव नोंदवण्याची ती शिस्त आम्ही तेथूनच उचलली.

भाषेच्या अभ्यासकाला या प्रसंगी आणखी एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. मराठीतून परके शब्द काढून टाकण्याची कल्पना जुनी आहे. शिवकाळातल्या 'राज्यव्यवहारकोशा'ने फार्सी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. विसाव्या शतकात भाषाशुद्धीचा वाद झाला, आणि माधव जूलियनांनी 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिला. आम्ही मराठवाड्यातले. आमच्या वडीलधाऱ्यांनी निजामाच्या शाळेत उर्दूतून गणित केले. १७ सप्टेंबर १९४८ नंतर ते शब्द सरकारी कागदांतून हळूहळू मागे पडले. त्याचे दुःख करण्याचे कारण नाही. पण एक प्रयोग करून पाहावा. 'कागद', 'खुर्ची' यांना पर्याय मिळतील. 'फक्त', 'शिवाय', 'वगैरे', 'बाकी' हे काढून पाहा. ही नामे नाहीत, मिरवणारे शब्द नाहीत. वाक्याच्या सांध्यात बसलेले आहेत. ते काढले की अवघे बोलणे लंगडते. जे आवश्यक नाही ते काढा असे म्हणणाऱ्याला 'जरुरी' हा शब्दच बाहेरून आलेला आहे हे कोणी तरी सांगायला हवे. उलट बाजूही नमूद केली पाहिजे. 'दिनांक' किंवा 'महापौर' यांसारखे सावरकरांनी दिलेले शब्द आज कोणाला कृत्रिम वाटत नाहीत. ते टिकले, कारण तेथे नुसते काढणे नव्हते. टेकायला आधी दुसरा खांब दिला होता.

औंढ्याच्या नागनाथाचे मंदिर पाहिलेल्यांना माहीत आहे की त्याचा खालचा काळ्या दगडाचा कोरीव भाग जुना, यादवकालीन मानला जाणारा आहे, आणि वरचे शिखर नंतरच्या काळात उभे केलेले आहे. दोन्हींतला सांधा लपवलेला नाही. पडले ते पुन्हा बांधले, उरले त्यावर बांधले. आणि ज्याच्यासाठी हे सारे, ती पिंड खाली भुयारासारख्या गाभाऱ्यात आहे; अरुंद पायऱ्यांनी वाकून उतरावे लागते. बाहेरून शिखर दिसते, शिल्पे दिसतात. पिंड दिसत नाही.

याच क्षेत्री विसोबा खेचर आणि नामदेव यांची गाठ पडल्याची कथा सांगतात. विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजले होते. नामदेवांनी हरकत घेतली. विसोबा म्हणाले, जेथे पिंड नसेल तेथे माझे पाय उचलून ठेव. नामदेव पाय उचलून ठेवत गेले. जेथे ठेवावे तेथे खाली पिंड. या कथेचा अद्वैतपर अर्थ आम्ही वर्षानुवर्षे शिकवला आहे. आता तिच्यात आम्हांला एक लहानसा व्यवहारी अर्थही दिसतो: येथे कोणी नाही, असे समजून पाय ठेवण्याची जागा सहसा नसते. याच औंढा तालुक्यात दुधाळ्याजवळ लायगोची गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहायची आहे; तिला केंद्राची अंतिम मंजुरी एप्रिल २०२३ मध्ये मिळाली. विश्वाच्या टोकाकडून आलेल्या थरथरीचा अर्थ लावणारे शास्त्रज्ञ आपले पुष्कळसे काम पायथॉनमध्येच करतात, हे आम्हांला नंतर कळले. आम्ही मात्र त्याला घरातली अडगळ ठरवून मोकळे झालो होतो. 'उबंटू' हा दक्षिण आफ्रिकेतल्या भाषांतला शब्द. माणूस हा माणसांमुळे माणूस असतो, अशा अर्थाचा. तो शब्द आमच्या पडद्यावर रोज उमटत होता.

दुरुस्तीनंतरच्या आठवड्यात आम्ही ओव्यांच्या तीन प्रती केल्या. एक घरी, एक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, एक पुण्याला विद्यार्थ्याकडे. प्रती करताना सगळी ध्वनिमुद्रणे पहिल्यांदाच सलग ऐकली. एका ठिकाणी ओवी संपल्यावरही यंत्र चालूच राहिले होते, आणि आजींचे बोलणे त्यात आले होते. तेव्हा आम्ही त्याकडे लक्ष दिले नव्हते. पाठ टंकतानाही ते 'अनावश्यक' म्हणून गाळले होते.

"मास्तर, ह्ये समदं डब्यात भरून काय करता? म्हनलं तर ऱ्हातं बाबा. ठिवलं की जातं."

आमचा सारा उद्योग ठेवण्याचा होता. तीन प्रती म्हणजे तीन डबे. प्रती हव्यातच, त्या रात्रीने तेवढे शिकवले. पण आजींचे म्हणणे त्याच्या पुढचे होते. म्हणून या वर्षी प्रथम वर्षाच्या तासाला आरंभी एक ओवी म्हणायची असे ठरवले. आमचा गळा सांगण्यासारखा नाही. पहिले काही दिवस मागच्या बाकांवर हसू फुटत होते. पुढे ते थांबले. आजींच्याच संग्रहातली एक ओवी आम्ही म्हटली त्या दिवशी सेनगावकडून येणारी एक मुलगी उभी राहिली.

"सर, हे असं नाही. आमची आजी दुसऱ्या ओळीत दुसरा शब्द म्हणते."

आम्ही तिला म्हणून दाखवायला सांगितले. तिने संकोचत, खाली पाहत, पण चालीवर म्हटली. तिचा शब्द वेगळा होता, आणि खरे सांगायचे तर अधिक चांगलाही होता. घरी आल्यावर आम्ही तो पाठ तिच्या आजीच्या आणि गावाच्या नावासह नोंदवला. जुना खोडला नाही.